जखम आणि जागा

अमेरिकेतील काळ्यांच्या लढ्याशी आपली ओळख मुख्यतः पुस्तकांतून झाली. १९७२ साली मुंबईत दलित पँथर स्थापन झाली तेव्हा तिचे नावच ब्लॅक पँथरवरून घेतले गेले. पुढे काळ्यांची कविता, त्यांची आत्मचरित्रे, त्यांचे जाहीरनामे यांविषयी आपल्या नियतकालिकांतून पुष्कळ लिहिले गेले. मैदानाविषयी मात्र आपण फारसे लिहिले नाही. खेळ म्हणजे करमणूक आणि करमणुकीत विचार करण्यासारखे काय असणार, अशी एक समजूत त्यामागे असावी. माझीही ती होती. ती ढासळायला माझा स्वतःचा गुडघा कारण झाला.

कॉलेजात असताना मी तालुक्याच्या एका कबड्डी संघात खेळत असे. चढाई करणे हे माझे काम. एका सामन्यात उजवा गुडघा फिरला. महिनाभर नीट चालता येत नव्हते. बरा होऊन मैदानावर गेलो तेव्हा माझ्या जागी दुसरा मुलगा खेळत होता. संघ चालवणारे गृहस्थ म्हणाले, "आता तुझ्या पायांत ते राहिलं नाही." त्यांनी मला पळवून पाहिले नव्हते की एक चढाई करायला लावली नव्हती. त्याच संघातल्या एका बड्या घरच्या मुलाचा खांदा आदल्या वर्षी निखळला होता. त्याची जागा दोन महिने राखून ठेवली गेली; 'तो येईलच' असे सगळे म्हणत होते. जखमा दोन्ही खऱ्या होत्या. एकीचा अर्थ विश्रांती असा लावला गेला, दुसरीचा अर्थ शेवट असा. अर्थ लावणारा माणूस एकच होता.

कित्येक वर्षांनी अमेरिकन फुटबॉलमधील काळ्या क्वार्टरबॅकांचा इतिहास वाचू लागलो तेव्हा हाच अनुभव मला पुन्हा पुन्हा भेटला. मी या खेळाचा जाणकार नाही. पण जखम कोणाला होते आणि तिचा अर्थ कोण लावतो, या प्रश्नाचा मी जाणकार आहे. त्या अधिकाराने हे लिहितो आहे.

१

आधी खेळाविषयी थोडे. अमेरिकन फुटबॉल हा आपल्याकडचा पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता. तो हातात घेऊन पळायचे किंवा फेकायचे. प्रत्येक बाजूला अकरा खेळाडू. खेळ सलग चालत नाही. एकेका डावपेचाने, तुकड्यातुकड्याने पुढे सरकतो. प्रत्येक डावपेचाच्या आरंभी चेंडू ज्याच्या हाती येतो तो क्वार्टरबॅक. समोरची फळी कशी उभी आहे हे तो वाचतो, साथीदारांना इशारा देतो, आणि मग चेंडू कोणाकडे द्यायचा, कोणाकडे फेकायचा की स्वतः घेऊन पळायचे हे दोनतीन सेकंदांत ठरवतो. त्याच दोनतीन सेकंदांत शंभर-सव्वाशे किलोचे प्रतिस्पर्धी त्याला आडवे करण्यासाठी धावून येत असतात. संघाचे डोके तो आणि सर्वांचे लक्ष्यही तोच. त्यामुळे गुडघा, खांदा, पाठ, मेंदू यांपैकी काही ना काही दुखावल्याशिवाय क्वार्टरबॅकची कारकीर्द क्वचितच पुरी होते.

त्याच्यावर प्रशिक्षक असतो. कोणाला या जागेवर उभे करायचे, कोणाला बाकावर बसवायचे, दुखापतीनंतर कोणाला परत बोलवायचे, हे तो ठरवतो. म्हणजे क्वार्टरबॅकचे भवितव्य दोन गोष्टींवर अवलंबून असते : त्याचे शरीर आणि प्रशिक्षकाचा निर्णय. पहिली गोष्ट निसर्गाच्या हाती आहे असे आपण मानतो, दुसरी माणसाच्या. पण इतिहास पाहिला तर शरीराचे काय झाले हेसुद्धा शेवटी निर्णय घेणारा माणूसच ठरवतो असे दिसते.

नॅशनल फुटबॉल लीगची स्थापना १९२० ची. आरंभीच्या वर्षांत तिच्यात थोडे काळे खेळाडू होते. फ्रिट्झ पोलार्ड हा काळा खेळाडू १९२१ साली ॲक्रन संघाचा सहप्रशिक्षकही होता. पण १९३४ ते १९४५ या बारा वर्षांत लीगमध्ये एकही काळा खेळाडू नव्हता. तसा लेखी नियम कोठेही नव्हता. लेखी नियमाशिवाय बहिष्कार कसा पाळला जातो, हे या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. १९४६ साली लॉस अँजेलिसच्या संघाने केनी वॉशिंग्टन आणि वुडी स्ट्रोड यांना घेतले, तेव्हा वॉशिंग्टनच्या गुडघ्यांवर शस्त्रक्रिया होऊन गेल्या होत्या. त्याची उमेदीची वर्षे दुय्यम दर्जाच्या सामन्यांत सरली होती. तीन हंगाम खेळून तो निवृत्त झाला. दार उघडले, पण उघडेपर्यंत आत जाणाऱ्याचे पाय निकामी होत आले होते.

२

दार उघडल्यावर आतल्या जागांचा प्रश्न निर्माण झाला. काळे खेळाडू पळण्याच्या जागी आले, अडवण्याच्या जागी आले, झेलण्याच्या जागी आले. क्वार्टरबॅकची जागा मात्र गोऱ्यांकडेच राहिली. जॉन लॉय आणि जोसेफ मॅकएल्व्होग या दोन समाजशास्त्रज्ञांनी १९७० साली या प्रकाराचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या जागा मैदानाच्या मध्याशी आहेत, ज्यांचा इतरांशी अधिकाधिक संबंध येतो आणि ज्यांच्याकडे निर्णय असतो, त्या जागांवर काळे अतिशय कमी आढळतात. कडेच्या जागांवर ते गर्दी करून आढळतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. काळा माणूस पळेल, उडी मारेल, टक्कर घेईल. पण विचार करणार नाही, पुढारीपण करणार नाही, ही त्यामागची धारणा.

कामे वाटून घेणे वेगळे आणि काम करणारी माणसेच जन्मावरून वाटून टाकणे वेगळे, हा भेद बाबासाहेबांनी आपल्याला शिकवला आहे. अमेरिकन मैदानावर दुसरा प्रकार चालू होता. एकाच अकराच्या संघात, एकाच गणवेशात, एकाच जयघोषाखाली तो चालू होता, एवढेच त्याचे वेगळेपण. विद्यापीठात क्वार्टरबॅक म्हणून गाजलेला काळा मुलगा व्यावसायिक संघात आला की त्याला सांगितले जाई : तू फार चपळ आहेस, तुला दुसरी जागा देतो. हे स्तुतीच्या स्वरात सांगितले जाई. त्यामुळे विरोध करणारा कृतघ्न ठरे.

या भिंतीला जी पहिली भोके पडली ती कोणाच्या न्यायबुद्धीने पडली नाहीत. ती जखमांमुळे पडली.

१९५३ च्या १८ ऑक्टोबरला शिकागो बेअर्सकडून विली थ्रोअर मैदानात उतरला. लीगमध्ये क्वार्टरबॅकच्या जागेवरून चेंडू फेकणारा तो आधुनिक काळातला पहिला काळा खेळाडू. नेहमीचा गोरा क्वार्टरबॅक जॉर्ज ब्लँडा त्या दिवशी चांगला खेळत नव्हता, म्हणून प्रशिक्षक जॉर्ज हॅलस यांनी थ्रोअरला पाठवले. त्याने आठ वेळा चेंडू फेकला, तीन वेळा तो नेमका पोचला. संघ गोलरेषेजवळ आला तेव्हा त्याला बाहेर बोलावून ब्लँडाला परत पाठवण्यात आले. मेहनतीचे अंतर एकाने कापायचे आणि शेवटची पायरी दुसऱ्याने चढायची! त्या हंगामानंतर थ्रोअर लीगमध्ये दिसला नाही.

त्यानंतर पंधरा वर्षांनी मार्लिन ब्रिस्को आला. १९६८ साली डेन्व्हरच्या संघाने त्याला चौदाव्या फेरीत निवडले ते बचावपटू म्हणून. हा संघ तेव्हा प्रतिस्पर्धी अमेरिकन फुटबॉल लीगमध्ये होता. क्वार्टरबॅक म्हणून एकदा चाचणी घ्यावी, एवढी अट ब्रिस्कोने आग्रहाने मान्य करून घेतली. चाचणी झाली आणि त्याला बचावफळीत पाठवण्यात आले. पण नेहमीच्या स्टीव्ह टेन्सीचे कॉलरबोन मोडले, आणि दुसऱ्या पर्यायाने काही जमेना. मग प्रशिक्षक लू सबन यांना ब्रिस्कोची आठवण झाली. ६ ऑक्टोबर १९६८ रोजी त्याने सामन्याच्या आरंभापासून क्वार्टरबॅक म्हणून खेळ केला. आधुनिक व्यावसायिक फुटबॉलमध्ये असे करणारा तो पहिला काळा. अकरा सामन्यांत त्याने गुण मिळवून देणाऱ्या चौदा फेकी केल्या. नवख्या खेळाडूंपुरता तो त्या संघाचा विक्रम ठरला.

दुसऱ्या वर्षी काय झाले? ब्रिस्कोने पुढे सांगितले आहे की, त्या उन्हाळ्यात क्वार्टरबॅकांच्या बैठका त्याला न बोलावताच भरत होत्या. त्याला काही स्पष्ट सांगितले गेले नाही. त्याने मुक्तता मागितली. तो बफेलोला गेला आणि तिथे चेंडू झेलणारा रिसीव्हर झाला. या नव्या जागेवर त्याने १९७० साली सर्वोत्तमांत स्थान मिळवले. १९७२ साली एकही सामना न हरलेल्या मायामी संघात तो होता. पण क्वार्टरबॅक म्हणून तो पुन्हा कधी उभा राहिला नाही. टेन्सीची जखम ही ब्रिस्कोची संधी होती. जखम भरली तशी संधीही बुजली. पुढे ब्रिस्को व्यसनाच्या गर्तेत सापडला, त्यातून स्वतःच्या बळावर बाहेर आला आणि २७ जून २०२२ रोजी वारला.

३

जेम्स हॅरिस आणि जो गिलियम यांची उदाहरणे एकमेकांशेजारी ठेवून वाचली पाहिजेत.

हॅरिस लुइझियानातील ग्रॅम्बलिंग या काळ्यांच्या महाविद्यालयाचा. तेथील प्रशिक्षक एडी रॉबिन्सन यांनी १९४१ ते १९९७ एवढा काळ एकाच संस्थेत काढला. व्यावसायिक संघ जागा बदलायला सांगतील, तू बदलू नकोस, असे त्यांनी हॅरिसला बजावले होते. प्रशिक्षकाचा निर्णय माणसाला घडवूही शकतो याचा हा दाखला. १९६९ साली हॅरिसने बफेलोकडून हंगामाच्या पहिल्याच सामन्याला सुरुवात केली. काळ्या क्वार्टरबॅकच्या बाबतीत असे तोपर्यंत घडले नव्हते. ब्रिस्को त्याच सुमारास त्या संघात आला आणि दोघे एका खोलीत राहत असत. एकाची जागा काढून घेतलेली, दुसऱ्याची डळमळीत. त्या खोलीत रात्री काय बोलणे होत असेल, याची कल्पना करता येते. बफेलोने हॅरिसलाही थोड्याच वर्षांत सोडले.

पुढे लॉस अँजेलिस रॅम्समध्ये प्रशिक्षक चक नॉक्स यांनी १९७४ साली त्याला मुख्य क्वार्टरबॅक केले आणि संघ त्या वर्षी बाद फेरीत पोचला. निवडक खेळाडूंच्या सामन्यात तो सर्वोत्कृष्ट ठरला. १९७५ च्या अखेरीस त्याचा खांदा दुखावला आणि लगेच जागेची चर्चा सुरू झाली. १९७६ साली आपल्या कॉन्फरन्समधल्या क्वार्टरबॅकांत त्याच्या फेकींची गुणवत्ता आकड्यांनी सर्वात वरची होती, तरी जागा पॅट हेडन या गोऱ्या नवख्याकडे गेली. पुढच्या वर्षी त्याला सॅन डिएगोला पाठवून दिले.

गिलियमला जखमही झाली नव्हती. १९७४ साली पिट्सबर्गचे प्रशिक्षक चक नोल यांनी टेरी ब्रॅडशॉला बाजूला ठेवून त्याला उभे केले. सहा सामन्यांत चार विजय, एक बरोबरी आणि एक पराभव असा त्याचा हिशेब होता; तरी त्याला बसवले. ब्रॅडशॉ परतला आणि त्या वर्षी संघ अजिंक्य ठरला. नोल यांचा निर्णय चुकला असे निकालावरून म्हणता येणार नाही. गिलियम धावण्याचे डावपेच टाळून फार वेळा चेंडू फेकतो, अशी तक्रार होती आणि ती खोटीही नसेल. पण मला दुसरे सांगायचे आहे. हाच ब्रॅडशॉ १९७० साली पहिल्या वर्षी खेळला तेव्हा त्याच्या सहा फेकी गुण देणाऱ्या ठरल्या होत्या आणि चोवीस थेट प्रतिपक्षाच्या हाती गेल्या होत्या. त्याला शिकायला चार वर्षे मिळाली. गिलियमला सहा सामने मिळाले. चुकण्याची मुभा ही सुद्धा एक मालमत्ता आहे, आणि तिची वाटणी इतर मालमत्तेसारखीच होते. गिलियम व्यसनात बुडाला, काही काळ रस्त्यावर राहिला आणि २००० सालच्या नाताळच्या दिवशी, पन्नाशी गाठायला चार दिवस असताना वारला.

या सगळ्या काळात निर्णय घेणारे कोण होते? १९२१ च्या पोलार्डनंतर लीगमध्ये दुसरा काळा मुख्य प्रशिक्षक आर्ट शेल नेमला गेला तो १९८९ साली. मधली अडुसष्ट वर्षे काळ्या खेळाडूची जागा, त्याची चूक आणि त्याची जखम या तिन्हींचा निवाडा गोऱ्या माणसानेच केला.

४

आता एका संघाची गोष्ट थोडी सविस्तर सांगतो, कारण जखमांची साखळी तिच्यात स्वच्छ दिसते. संघ राजधानी वॉशिंग्टनचा. त्याचे तेव्हाचे नाव अमेरिकेच्या मूळ रहिवाशांच्या कातडीच्या रंगावरून ठेवलेले होते; ते २०२० साली टाकून द्यावे लागले. लीगमध्ये सर्वात शेवटी काळ्यांना घेणारा संघ हाच. मालक जॉर्ज प्रेस्टन मार्शल यांचा विरोध उघड होता. नवे मैदान सरकारी जमिनीवर होते, म्हणून केनेडी सरकारातले मंत्री स्ट्युअर्ट उडॉल यांनी त्यांना पेचात धरले, तेव्हा कोठे १९६२ साली बॉबी मिचेल आणि इतर काळे खेळाडू संघात आले.

त्याच संघाचा क्वार्टरबॅक जो थाइसमन हा गोरा खेळाडू. १८ नोव्हेंबर १९८५ च्या सामन्यात लॉरेन्स टेलरच्या पकडीत त्याच्या पायाची दोन्ही हाडे मोडली. दूरचित्रवाणीवर साऱ्या देशाने ते पाहिले. थाइसमन पुन्हा खेळला नाही. त्याच्या जागी तरुण जे श्रोडर आला. प्रशिक्षक होते जो गिब्स. १९८६ साली त्यांनी श्रोडरच्या पाठीशी राखीव म्हणून एका काळ्या क्वार्टरबॅकला आणले. त्याचे नाव डग विल्यम्स.

विल्यम्सही ग्रॅम्बलिंगचा, रॉबिन्सन यांचाच विद्यार्थी. १९७८ साली टॅम्पा बेच्या संघाने त्याला पहिल्या फेरीत निवडले. त्या संघात तेव्हा गिब्स सहायक प्रशिक्षक होते आणि त्याची पारख त्यांनीच केली होती. नेहमी हरणाऱ्या त्या संघाला विल्यम्सने पाच हंगामांत तीनदा बाद फेरीत नेले. १९७९ च्या हंगामात अंतिम सामन्याच्या उंबरठ्यावर असताना त्याच्या दंडाचा स्नायू फाटला आणि संघ ९-० ने हरला. त्याचा पगार वर्षाला १,२०,००० डॉलर. इतर संघांतल्या कित्येक राखीव क्वार्टरबॅकांना याहून अधिक मिळत होते. १९८२ नंतर त्याने ६ लाख मागितले. मालक ४ लाखांवर अडून बसले. त्याच सुमारास, एप्रिल १९८३ मध्ये, त्याची पत्नी मेंदूतल्या गाठीने वारली. पदरी तान्ही मुलगी. विल्यम्सने तो संघ सोडला आणि दुसऱ्या, अल्पजीवी ठरलेल्या लीगमध्ये तो दोन वर्षे खेळला. ती लीग बंद पडली तेव्हा त्याला विचारणारा एकच माणूस होता : गिब्स. इकडे टॅम्पा बेचे पुढचे सलग चौदा हंगाम पराभवाचे गेले.

१९८७ च्या पहिल्याच सामन्यात श्रोडरचा खांदा दुखावला. विल्यम्सने उतरून सामना जिंकून दिला. श्रोडर बरा होताच जागा त्याच्याकडे गेली. नोव्हेंबरमध्ये श्रोडरचा खेळ बिघडला, जागा विल्यम्सकडे आली; विल्यम्सची पाठ दुखावली, जागा पुन्हा श्रोडरकडे. साखळी शेवटच्या सामन्यापर्यंत अशीच चालली. त्या सामन्यात गिब्स यांनी पुन्हा विल्यम्सला उतरवले, तो जिंकला, आणि बाद फेरीसाठी गिब्स यांनी त्यालाच कायम केले. हा निर्णय सोपा नव्हता आणि त्याचे श्रेय गिब्स यांना दिले पाहिजे.

३१ जानेवारी १९८८. अंतिम सामना, ज्याला तिकडे सुपर बोल म्हणतात. त्या सामन्याला क्वार्टरबॅक म्हणून सुरुवात करणारा विल्यम्स हा पहिला काळा. आदल्या दिवशी त्याच्या दाढेवर शस्त्रक्रिया झाली होती. पहिल्या भागातच प्रतिपक्ष डेन्व्हर १०-० ने पुढे गेला आणि चेंडू फेकायला मागे सरकताना विल्यम्सचा पाय घसरून डावा गुडघा पिरगळला. तो जमिनीवर पडला. दोन डावपेचांपुरता श्रोडर आत आला.

त्या क्षणी विल्यम्सच्या मनात काय असेल? मी वाचक म्हणून माझे अनुमान सांगतो. तो बाहेर बसता तर कोणीही त्याला दोष दिला नसता. पण ही जागा ज्याला एकदाच मिळते, त्याला दुखणे परवडत नाही. तो परत आला. दुसऱ्या भागात, एकट्या त्या पंधरा मिनिटांच्या खेळात, वॉशिंग्टनने ३५ गुण केले. विल्यम्सच्या चार फेकी गुण देऊन गेल्या. सामना ४२-१० असा संपला. एकूण ३४० यार्डांची फेक आणि सर्वोत्कृष्ट खेळाडूचा मान त्याच्या नावावर लागला.

गोष्ट इथे संपवणे सर्वांना आवडते. पण इतिहास पुढेही चालतो. १९८८ साली विल्यम्सच्या आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया झाली. त्या मुदतीत मार्क रिपिन हा गोरा तरुण खेळला. १९८९ साली विल्यम्सच्या पाठीवर शस्त्रक्रिया झाली. १९९० साली त्याला सोडण्यात आले आणि लीगमध्ये तो पुन्हा खेळला नाही. अंतिम सामन्यातला सर्वोत्कृष्ट खेळाडू अडीच वर्षांत बेकार झाला. पुढे १९९८ साली त्याला मुख्य प्रशिक्षकपद देणारी संस्था होती ग्रॅम्बलिंग, रॉबिन्सन यांच्या जागी. आपल्या माणसांनी बांधलेली संस्था कशासाठी लागते, याचे हे उत्तर आहे.

५

यावर एक आक्षेप येईल. जखमेने जागा गोऱ्यांनीही गमावल्या. थाइसमनची कारकीर्द एका क्षणात संपली. २०१२ साली सॅन फ्रान्सिस्कोचा गोरा क्वार्टरबॅक ॲलेक्स स्मिथ याच्या डोक्याला मार बसला, आणि तो बरा झाल्यावरही प्रशिक्षकांनी जागा कॉलिन केपर्निककडे, एका काळ्या खेळाडूकडे ठेवली. आक्षेप खरा आहे आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. प्रत्येक जखमेत वर्ण शोधू नये. हा खेळच माणसे खातो. गोरी खातो, काळी खातो. पण त्याच केपर्निकने २०१६ साली काळ्यांवरील पोलिसी अत्याचाराच्या निषेधार्थ राष्ट्रगीताच्या वेळी गुडघा टेकला आणि त्या हंगामानंतर एकाही संघाने त्याला घेतले नाही. त्याचा गुडघा धडधाकट होता. लीगला तो टेकलेला पाहवला नाही.

दुसरे उदाहरण पुन्हा वॉशिंग्टनचेच. २०१२ साली रॉबर्ट ग्रिफिन हा बावीस वर्षांचा काळा क्वार्टरबॅक त्या संघात आला. त्याला मिळवण्यासाठी संघाने पुढच्या वर्षांचे निवडीचे हक्क मोजले होते. म्हणजे काळ आता बदलला होता. जागा त्याची होती, कोणाच्या जखमेमुळे मिळालेली नव्हती. डिसेंबरमध्ये त्याचा गुडघा दुखावला. ६ जानेवारी २०१३ च्या बाद फेरीच्या सामन्यात तो लंगडत खेळताना सर्वांना दिसत होता. प्रशिक्षक माइक शॅनहन यांनी त्याला आतच ठेवले. आपण खेळू शकतो असे त्याने सांगितले होते, हे त्यांचे स्पष्टीकरण. शेवटच्या भागात गुडघा वाकला आणि दोन स्नायुबंध तुटले. त्या वर्षी सर्वोत्कृष्ट नवखा आक्रमक खेळाडू ठरलेला हा मुलगा पुन्हा कधी तसा खेळला नाही.

'मी ठीक आहे' असे तो म्हणाला, हे खरेच असेल. पण ठीक नाही असे म्हणण्याचे स्वातंत्र्य त्याला किती होते? बाकावर बसलेल्या माणसाची जागा परत मिळत नाही, हे ज्यांच्या इतिहासाने त्यांना शिकवले, त्यांची संमती ही मोकळी संमती नसते. पूर्वी प्रशिक्षक काळ्या क्वार्टरबॅकला उभे करत नसे; आता उभा केल्यावर बसू देत नव्हता.

जखमेचा अर्थ वर्णावरून लावला जातो, हे माझे म्हणणे कोणाला अतिशयोक्त वाटत असेल तर त्याने पुढची हकीकत ऐकावी. डोक्याला वारंवार बसणाऱ्या माराने मेंदू निकामी झालेल्या निवृत्त खेळाडूंनी लीगवर खटले भरले. २०१५ साली न्यायालयाने भरपाईची तडजोड मंजूर केली. भरपाईसाठी बुद्धीची चाचणी द्यायची आणि ती किती घसरली यावर रक्कम ठरायची. पण मोजताना वर्णाचा हिशेब धरला जाई. काळ्या माणसाची बुद्धी मुळातच कमी होती असे गृहीत धरून गुण काढले जात. त्यामुळे गोऱ्याइतकेच गुण पडलेला काळा खेळाडू 'फारसा घसरलेला नाही' असा ठरून भरपाईबाहेर राहू शकत असे. २०२० साली दोन काळ्या निवृत्त खेळाडूंनी त्याविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. २०२१ साली लीगने ही पद्धत थांबवण्याचे मान्य केले आणि २०२२ साली न्यायालयाने बदल मंजूर केला.

ज्या समजुतीने ब्रिस्कोला क्वार्टरबॅकांच्या बैठकीबाहेर ठेवले होते, तीच समजूत पन्नास वर्षांनी कोष्टकात आणि सूत्रात शिरून बसली होती. आधी म्हणायचे, याला डोके नाही म्हणून ही जागा नाही. मग त्याचे डोके फुटल्यावर म्हणायचे, मुळात नव्हतेच तर गमावले काय?

६

१२ फेब्रुवारी २०२३ च्या सुपर बोलमध्ये दोन्ही बाजूंचे क्वार्टरबॅक काळे होते : पॅट्रिक महोम्स आणि जेलन हर्ट्‌स. असे पहिल्यांदाच घडले. महोम्सचा घोटा तीन आठवड्यांपूर्वी मुरगळला होता. पूर्वार्धात तो पुन्हा दुखावला. मध्यंतरानंतर तो परतला आणि संघाने सामना ३८-३५ असा जिंकला. त्याची जागा जाईल अशी भीती त्या दिवशी कोणाला वाटली नाही. पाहणारे घोट्याची चर्चा करत होते, ती घोट्यापुरतीच होती. हर्ट्‌सने दोन वर्षांनी, ९ फेब्रुवारी २०२५ रोजी, अंतिम सामना जिंकून सर्वोत्कृष्ट खेळाडूचा मान मिळवला. ब्रिस्को मात्र २०२३ चा तो सामना पाहण्यापूर्वी साडेसात महिने गेला.

हा बदल मोठा आहे आणि तो कोणी दान दिलेला नाही. त्यामागे थ्रोअरच्या आठ फेकी आहेत, ब्रिस्कोची अट आहे, रॉबिन्सन यांचा हट्ट आहे, विल्यम्सचा पिरगळलेला गुडघा आहे. पण हिशेब पुरा झालेला नाही. लीगच्या शंभरावर वर्षांत एकाही संघाचा मुख्य मालक काळा माणूस झालेला नाही. मुख्य प्रशिक्षकांच्या नेमणुकांत वर्णभेद होतो, असा दावा ब्रायन फ्लोरेस या काळ्या प्रशिक्षकाने २०२२ साली लीगविरुद्ध न्यायालयात लावला. चेंडू हातात आला. चेंडू कोणाच्या हातात द्यायचा हे ठरवणारी खुर्ची अजून पुरती आलेली नाही.

माझा गुडघा पावसाळ्यात अजून दुखतो. त्या दुखण्याविषयी माझी तक्रार नाही, खेळलो, लागले. त्या गृहस्थांनी माझी एक चढाई पाहायला हवी होती. कदाचित पायांत खरेच काही उरले नसेल. पण ते पाहून ठरवायला हवे होते.